घरून काम करणारी माणसे नेमताना: सोलापुरातील छोट्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक

सोलापुरात टॉवेल, चादर, गणवेश आणि त्यांच्या भोवतीच्या व्यापारावर चालणारी शेकडो छोटी कार्यालये आहेत. त्यांतील हिशेब, बिले, ऑर्डरींचा पाठपुरावा आणि ग्राहकांशी बोलणे ही कामे आता बहुतांशी संगणकावर आणि फोनवर होतात. ती करणारा माणूस नवी पेठेतल्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या खोलीत बसलाच पाहिजे, असे राहिलेले नाही. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट येथे शिकलेली पण रोज ये-जा करू न शकणारी मुले-मुली आहेत, पुण्यातली नोकरी सोडून आईवडिलांसाठी परत आलेले अनुभवी लोक आहेत, आणि लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या कितीतरी वाणिज्य पदवीधर महिला आहेत. आमच्या कार्यालयात कापड व्यापाऱ्यांचे हिशेब आणि मालाची कागदपत्रे सांभाळली जातात, आणि तिथली बहुतेक माणसे घरूनच काम करतात. त्यांच्या नेमणुकीच्या अनुभवातून हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. कार्यालयात आलेला नवा माणूस निम्मे काम शेजारच्याकडे पाहून शिकतो. कोणत्या व्यापाऱ्याला फोनच करावा लागतो आणि कोणाला व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरतो, चूक सापडली तर आधी कोणाला सांगायचे, मालक घाईत असताना काय विचारायचे नाही, हे त्याला कोणी शिकवत नाही आणि तरी ते कळते. घरी बसलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही. त्याच्यासाठी हे सगळे आधी लिहून ठेवावे लागते, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तुम्हाला हेच करायचे आहे.

१. कोणते काम घरून होईल, ते आधी ठरवा

जाहिरात देण्यापूर्वी एका कागदावर त्या जागेची सगळी कामे लिहा आणि प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी नोंदवा: ते कधी येते, ते पूर्ण झाले हे कशावरून कळते, आणि त्यासाठी कोणाकडून काय मिळावे लागते. गोदामातल्या सुताची मोजणी घरून होणार नाही, हे उघड आहे. ज्या कामांबद्दल सहज फसगत होते, ती वेगळी आहेत. जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ची मुदत दरमहा भरणाऱ्यांसाठी पुढच्या महिन्याची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (एकत्रित विवरणपत्र व कर भरणा) ची २० तारीख, त्यामुळे विवरणपत्रांचे काम घरून उत्तम होते, कारण त्याची वेळ ठरलेली असते. ई-वे बिलाचे (माल वाहनातून पाठवताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे) काम मात्र ट्रक भरला की लगेच करावे लागते, आणि ट्रक कधी कधी रात्री आठला भरतो. 'सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, घरून' असे सांगून नेमलेल्या माणसाकडून तुम्ही रात्रीच्या ई-वे बिलाची अपेक्षा धरली, तर दुसऱ्याच महिन्यात वाद होतो. असे काम त्याच जागेत असेल तर ते जाहिरातीत आणि नियुक्तिपत्रात आले पाहिजे, किंवा ते गोदामाजवळच्या माणसाकडे दिले पाहिजे.

भाषेचाही विचार याच वेळी करा. सोलापूरच्या बाजारात मराठीइतकेच तेलुगू, कन्नड आणि हिंदी कानावर पडते. यंत्रमागधारकांशी तेलुगूत आणि विजयपूर-कलबुर्गीच्या खरेदीदारांशी कन्नडमध्ये बोलू शकणारी व्यक्ती फोनवरचे काम निम्म्या वेळात उरकते, म्हणून तशी गरज असल्यास ती जाहिरातीत स्पष्ट लिहा.

२. जाहिरात विश्वास वाटेल अशी लिहा

'घरबसल्या काम' या शब्दांनी आपल्याकडे खूप लोक फसले आहेत. टायपिंगचे किंवा डेटा एन्ट्रीचे काम देतो म्हणून नोंदणीचे पैसे घ्यायचे, नंतर 'करार मोडला' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवायची, असे प्रकार इतके झाले आहेत की चांगला उमेदवार तुमची जाहिरात पाहून आधी संशयच घेतो. तो संशय रास्त आहे, आणि तो दूर करणे हे तुमचे काम आहे.

जाहिरातीत व्यवसायाचे नाव, कार्यालयाचा पत्ता, जीएसटी क्रमांक, पगाराचा खालचा व वरचा आकडा, कामाचे तास, आणि 'निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेतले जात नाहीत' हे वाक्य असू द्या. जीएसटी क्रमांक दिला की उमेदवार जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता पडताळून पाहू शकतो. पगार 'पात्रतेनुसार' असे लिहिणाऱ्यांकडे अर्ज भरपूर येतात, पण त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात. लॅपटॉपसाठी अनामत रक्कम मागण्याची पद्धतही सोडून द्या, कारण फसवणूक करणारे नेमके तेच मागतात.

जाहिरात कुठे द्यावी, यात फारसे गूढ नाही. राज्य शासनाचे महास्वयम्, केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस, नोकरी आणि लिंक्डइन ही संकेतस्थळे आहेतच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील वाणिज्य विभागांना पत्र पाठवल्यास नुकतेच उत्तीर्ण झालेले विद्यार्थी मिळतात. अनुभवी माणसे मात्र बहुतेक वेळा कर सल्लागारांच्या आणि सध्याच्या कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून येतात. ओळखीतून आलेल्या उमेदवारालाही पुढची सगळी निवड प्रक्रिया लागू करा, नाहीतर बाकीच्यांचा तुमच्यावरचा भरवसा जातो.

३. निवड: बोलण्यापेक्षा लिहिणे तपासा

समोरासमोरच्या मुलाखतीत चुणचुणीत बोलणारा उमेदवार छाप पाडतो. घरून काम करणाऱ्याचे बहुतेक म्हणणे मात्र तुमच्यापर्यंत लिखित स्वरूपात पोहोचणार असते. म्हणून निवड तीन भागांत करावी.

पहिला भाग म्हणजे पंधरा मिनिटांचा फोन. त्यात पगार, वेळ आणि कामाचे स्वरूप सांगून उमेदवाराची इच्छा कायम आहे का, एवढेच पाहा.

दुसरा भाग म्हणजे नमुना काम, आणि सर्वांत जास्त वजन यालाच द्या. तुमच्या रोजच्या कामासारखे, पण खऱ्या ग्राहकाची माहिती नसलेले, दोन तासांत होईल असे काम द्या. आम्ही दहा काल्पनिक बिले देतो. त्यांतील एकावर जीएसटीचा दर चुकीचा असतो आणि एकाची तारीख पुढची असते. नोंदी करून सोबत व्यापाऱ्याला पाठवायचा चार ओळींचा निरोप लिहायचा असतो. काही उमेदवार बिले मुकाट्याने नोंदवतात, काही स्वतःच दुरुस्त करून टाकतात आणि काही थांबून विचारतात. घरून कामासाठी तिसरा उमेदवार हवा, कारण दूर बसून न विचारता केलेली दुरुस्ती तुम्हाला महिन्याच्या शेवटी, विवरणपत्र भरताना कळते. या दोन तासांचे पैसे द्या, मग निवड होवो अथवा न होवो. रक्कम लहान असते, पण उमेदवाराच्या वेळेची किंमत तुम्ही ओळखता, हे त्यातून त्याला कळते.

तिसरा भाग म्हणजे व्हिडिओवरील मुलाखत. गुगल मीटवर तीन किंवा अधिक जणांची विनाशुल्क बैठक ६० मिनिटे आणि झूमवर ४० मिनिटे चालते, तेवढी वेळ पुरते. कॅमेरा सुरू ठेवायला सांगा, ओळखपत्रावरील छायाचित्राशी चेहरा जुळतो का ते पाहा, आणि नमुना कामातील एखाद्या नोंदीबद्दल 'हे असे का केले?' असे विचारा. दुसऱ्याकडून काम करून घेतलेले असेल तर ते या प्रश्नावर उघड होते.

घरातील परिस्थितीबद्दल विचारावे लागते, पण कसे विचारावे याला मर्यादा आहे. 'लग्न कधी आहे', 'मूल किती वर्षांचे', 'सासरचे परवानगी देतील का' हे प्रश्न विचारू नयेत. महिला उमेदवारांनाच ते विचारले जातात आणि कामाशी त्यांचा संबंध नसतो. विचारायचे ते सरळ कामाचे: बसण्याची ठरलेली जागा आहे का, फोनवर बोलताना दार लावता येते का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, फायबर जोडणी आहे की मोबाइलवरच इंटरनेट वापरता. यातील काही नसेल तर उमेदवार नाकारण्याआधी ते तुम्ही पुरवू शकता का, याचा विचार करा. एक चांगली खुर्ची आणि राउटरसाठी छोटा यूपीएस यांचा खर्च नवा माणूस पुन्हा शोधण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

४. नियुक्तिपत्र रुजू होण्याआधी द्या

तोंडी ठरलेले घरून कामात फार लवकर विसरले जाते. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. पद, पगाराची फोड, प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड आणि रजा हे नेहमीचे मुद्दे त्यात असतातच. पगाराची फोड ठरवताना भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, हे सल्लागाराशी बोलून घ्या. घरून कामासाठी पुढील मुद्दे वेगळे लिहावे लागतात:

– काम कोणत्या पत्त्यावरून होणार, आणि पत्ता बदलल्यास किती दिवसांत कळवायचे
– फोनवर उपलब्ध असण्याचे तास, आणि त्याबाहेर फोन कधी येऊ शकतो
– लॅपटॉप व इतर साहित्य कोणाचे, बिघाड झाल्यास खर्च कोणाचा
– इंटरनेट व विजेसाठी दरमहा किती रक्कम मिळणार
– महिन्यातून कार्यालयात कधी यायचे, आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देणार
– ग्राहकांच्या माहितीची गुप्तता

पत्त्याचा मुद्दा सोलापूरकरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या जिल्ह्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे आणि इंडी, आळंद किंवा विजयपूरहून काम करणारा माणूस सहज मिळतो. तो कर्नाटकात बसून काम करणार असेल तर तिथला व्यवसाय कर आणि तिथले दुकाने व आस्थापनांचे नियम लागू होऊ शकतात, म्हणून त्याला नेमण्याआधी कर सल्लागाराचा लेखी सल्ला घ्या.

५. कागदपत्रे आणि नोंदण्या

कर्मचाऱ्याकडून पुढील कागदपत्रे घ्यावीत:

– पॅन कार्ड
– आधार, शक्यतो पहिले आठ अंक झाकलेले, जे आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येते
– शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, डिजिलॉकरवर उपलब्ध असल्यास तिथूनच
– आधीच्या नोकरीचे कार्यमुक्ती पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिप
– बँक पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश
– यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) असल्यास तो. नसल्यास उमंग ॲपवर चेहरा पडताळून कर्मचाऱ्याला तो घरूनच काढता येतो
– सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि तातडीच्या वेळी संपर्क करण्यासाठी घरातील एका व्यक्तीचा क्रमांक

ही कागदपत्रे व्हॉट्सॲपवर मागवून तिथेच पडू देऊ नका. मर्यादित लोकांनाच उघडता येईल अशा एका फोल्डरमध्ये ती ठेवा आणि गप्पांमधून काढून टाका.

तुमच्या बाजूच्या जबाबदाऱ्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असतात, आणि घरून काम करणारेही त्या संख्येत मोजले जातात. बऱ्याच जणांची समजूत याच्या उलट असते. दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते. तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये असून कर्मचाऱ्याचा हिस्सा ०.७५ टक्के व मालकाचा ३.२५ टक्के आहे. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार १०,००० रुपयांच्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे.

दहा माणसांच्या आकड्याशी आणखी एक कर्तव्य जोडलेले आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते. तिच्या अध्यक्षपदी महिलाच असते, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. या कायद्यातील कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही येते. व्हिडिओ कॉलवरील शेरेबाजी किंवा रात्री उशिरा पाठवलेले नकोसे निरोप हे 'घरचे प्रकरण' ठरत नाही, हे नव्या कर्मचाऱ्याला रुजू होतानाच सांगा आणि समितीच्या सदस्यांचे क्रमांक द्या. माणसे दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तेही सांगा.

६. साधने आणि पासवर्ड

शक्य असल्यास लॅपटॉप कार्यालयाचाच द्या, कारण घरातल्या संगणकावर मुलांचे खेळ आणि व्यापाऱ्यांची खाती एकत्र राहणे धोक्याचे आहे. पासवर्ड कोणालाही सांगून देऊ नका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचे वेगळे वापरकर्ता नाव आणि मर्यादित अधिकार देता येतात, ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर उपवापरकर्ते तयार करता येतात. ज्या ठिकाणी एकच पासवर्ड अपरिहार्य आहे तिथे बिटवॉर्डनसारखे पासवर्ड सांभाळणारे साधन वापरा.

जीएसटी विवरणपत्र भरताना ओटीपी अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या मोबाइलवर येतो, म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या. मालक लग्नात, फोन शांत, आणि २० तारीख संपायला दोन तास उरलेले, ही अडचण घरून काम करणाऱ्यासाठी फार मोठी ठरते, कारण तो उठून मालकाच्या खोलीत जाऊ शकत नाही. भरणा कोणत्या तारखेला, किती वाजता होणार हे दर महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा. याच निमित्ताने हेही बजावून सांगा की बँकेचा ओटीपी कोणीही, मालकाच्या आवाजातसुद्धा, फोनवर मागितला तर द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे.

७. पहिला आठवडा

पहिला दिवस शक्यतो सोलापुरात, कार्यालयातच घ्या. पंढरपूर किंवा बार्शीहून एका दिवसात येऊन परत जाता येते. त्या दिवशी काम शिकवण्याची घाई करू नका. लॅपटॉप ताब्यात द्या, सगळी खाती त्याच्याच हाताने उघडून पाहू द्या, आणि ज्या व्यापाऱ्यांची कामे तो करणार आहे त्यांपैकी एक-दोघांच्या पेढीवर त्याला घेऊन जा. टॉवेलचे वजन, नग आणि गाठ यांचा हिशेब ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला बिलातील आकडा विसंगत असल्याचे घरी बसून ओळखता येते.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासोबत एक जुना सहकारी नेमून द्या. हा त्याचा वरिष्ठ नसावा. 'दादा, हे बिल कुठल्या खात्यात टाकू?' किंवा 'ताई, हे शेठ चिडलेत का, की असेच बोलतात?' हे प्रश्न नवा माणूस वरिष्ठाला विचारत नाही, आणि विचारले नाहीत तर तो अंदाजाने काम करतो. पहिल्या आठवड्यात या दोघांचा सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल ठरलेलाच असावा, मग विचारण्यासारखे काही असो वा नसो. सोबतच्या सहकाऱ्याचे स्वतःचे काम त्या आठवड्यापुरते कमी करा, अन्यथा तो हे मनापासून करू शकणार नाही.

त्याच्या हाती एक लिखित पुस्तिका द्या. ती सुंदर नसली तरी चालेल, पण प्रत्येक नियमित कामाच्या पायऱ्या, प्रत्येक व्यापाऱ्याची पद्धत, कोणत्या अडचणीसाठी कोणाला फोन करायचा, आणि तो माणूस न भेटल्यास पुढे कोणाला, हे तिच्यात असले पाहिजे. नव्या माणसाला सांगा की पुस्तिकेत जे सापडले नाही ते त्याने विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर स्वतः तिच्यात लिहावे. याने पुस्तिका सुधारत जाते, आणि नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच काहीतरी उपयोगी केल्याचे समाधान मिळते.

शुक्रवारी मालकाने स्वतः वीस मिनिटे बोलावे. 'सगळे ठीक आहे ना?' असे विचारले की 'हो' एवढेच उत्तर येते. 'या आठवड्यात कशासाठी सर्वांत जास्त वेळ थांबावे लागले?' असे विचारले की खरी अडचण कळते.

८. पुढचे तीन महिने

पडद्याची छायाचित्रे काढणारी आणि माउस हलतो की नाही हे पाहणारी सॉफ्टवेअर विकत मिळतात. ती घेऊ नका, असे माझे ठाम मत आहे. त्यांतून माणूस बसला आहे एवढेच कळते, बिले बरोबर नोंदवली गेली का हे कळत नाही, आणि चांगली माणसे अपमान समजून निघून जातात. पहिल्या पायरीत प्रत्येक काम पूर्ण झाल्याची खूण तुम्ही लिहिली होती, तीच वापरा. सकाळी तीन ओळींत आजचे काम, संध्याकाळी तीन ओळींत झालेले व अडलेले काम, आणि आठवड्यातून एकदा नोंदींची नमुना तपासणी एवढे पुरते. एक, दोन आणि तीन महिन्यांनी लेखी आढावा द्या. चूक दिसली तर ती सर्वांच्या गटात लिहू नका. त्या माणसाला फोन करा.

९. पगार, रजा आणि सोलापूरचे वर्ष

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत बँक खात्यात जमा झाला पाहिजे आणि त्याची स्लिप त्याच दिवशी पोहोचली पाहिजे. दूर बसलेल्या माणसाला तुमच्या शब्दाचा हा एकमेव नियमित पुरावा मिळतो.

वर्षाचे वेळापत्रक इथल्या जगण्याप्रमाणे आखा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरातल्या घरोघरी पाहुणे आणि वारकरी उतरलेले असतात आणि गर्दीमुळे मोबाइलचे जाळेही मंदावते, त्यामुळे पंढरपूरच्या कर्मचाऱ्याला त्या आठवड्यात रजा द्या किंवा काम आधीच उरकून घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातला काम सुरू करून दुपारी मोठी सुट्टी घेण्याची मुभा असावी. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पाणी आले की घरातल्या माणसाला उठावेच लागते. त्या तासाभराची नोंद गटात टाकून काम पुढे करू द्या. अशा सवलती लेखी आणि सर्वांना सारख्या असाव्यात, म्हणजे मागण्यात संकोच राहत नाही.

१०. कोणी सोडून गेल्यास

सोडून जाण्याची प्रक्रियाही रुजू होतानाच सांगून ठेवा. शेवटच्या दिवसापूर्वी पुस्तिकेतील त्याच्या कामांची पाने त्याच्याकडून अद्ययावत करून घ्या, लॅपटॉप पावती देऊन परत घ्या, आणि टॅली, ई-वे बिल, मेल व व्हॉट्सॲप गट यांतील प्रवेश त्याच संध्याकाळी बंद करा. चार श्रम संहितांपैकी वेतन संहितेनुसार शेवटच्या पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा लागतो. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर नोकरी सोडल्याची तारीख भरायला विसरू नका, कारण ती नसेल तर त्या माणसाची जुनी रक्कम नव्या खात्यात वळवताना अडकते. कार्यमुक्ती पत्र मात्र कशासाठीही अडवून ठेवू नका.